शिव्यांवर चालणारा नवाब

शेषेराव पाटलांचा घोडा शेषेरावांवर जीव टाकतो, ही गोष्ट चाकूरपासून लातूरच्या गंज बाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती, कारण शेषेराव ती स्वतःच सांगत हिंडायचे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती कधी निघाली नाही. घोड्याच्या वागण्यातून तर नाहीच नाही.

घोडा माळेगावच्या जत्रेतला. शिंगरू होता तेव्हा आणलेला. रंगानं तांबडा, कपाळावर पांढरा टिळा आणि गळ्यावर केसांचा एक भोवरा. त्या भोवऱ्याला जाणकार देवमण म्हणतात, आणि तो असलेला घोडा घरात राजयोग आणतो असं घोडा विकणारे सांगतात. शेषेराव जत्रेला जाताना घरची दुभती म्हैस घेऊन गेले आणि येताना हा भोवरा घेऊन आले. केवळाबाईनं त्या दिवशी रिकाम्या दाव्याकडं बघितलं, शिंगराकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ह्याला पिळायचं कुठून?"

राजयोग येणार म्हणून शेषेरावांनी त्याचं नाव नवाब ठेवलं. तहसिलीचा जवान नाहीतर गिरदावर दारात आला की मात्र तेवढ्यापुरता त्याचा मोती व्हायचा. निजामाच्या राज्यात नवाबाच्या तोंडात लगाम घालून वर बसायचं म्हणजे नसतं झेंगट. पण मोती म्हटल्यावर घोडा मान वळवत नसे, आणि शेषेराव जवानापुढं घाम पुसत सांगायचे, "भैरा हाय साहेब. जनमापासून."

नवाबाच्या सवयी पुष्कळ होत्या आणि शेषेराव त्यातल्या प्रत्येकीचा अर्थ आपल्याकडं ओढून घ्यायचे. गंजात आडत्याच्या दुकानासमोर ते बोलत उभे राहिले की घोडा मागून मान घालून त्यांच्या डोक्यावरचा रुमाल उचलायचा आणि दातात धरून चघळत बसायचा. टकलावर ऊन घेत शेषेराव आडत्याला म्हणायचे, "बघा, लाडात आलाय." रुमालाला जुन्या घामाचं मीठ चढलेलं आणि जनावराला मीठ आवडतं, एवढाच तो लाड. खोगिराचा तंग आवळायला घेतला की घोडा पोट फुगवून उभा राहायचा आणि आवळून झाला की हवा सोडून द्यायचा. मग चाकूर येईपर्यंत खोगीर आणि खोगिरावरचे पाटील हळूहळू एका अंगाला कलत जायचे. "माझा भार पेलायला दम भरून घेतो बिचारा," असं शेषेराव पारावर सांगायचे. आणि हौदाची गोष्ट तर ठरलेली. "मी पाणी पिल्याबिगर नवाब पाण्याला तोंड लावत न्हाई." ते ऐकून केवळाबाई म्हणाली होती, "तुमी हौदात तोंड घालून पिता. त्याला वाटतं, बाजूचं जनावर वयानं मोठं हाय, आधी त्याचं होऊ द्यावं."

खरी माया परसात चालायची. शेषेरावांना ती रोज ऐकू यायची, पण कळत नव्हती.

सकाळी केवळाबाई चुलीपुढं भाकरी थापायला बसली की नवाब दावं ओढत परसदारी यायचा आणि अर्ध्या दारातून मान आत घालायचा. "आला का मुडदा," इथून सुरुवात व्हायची. "रातभर कडबा खाऊन पोट भरलं न्हाई, आता माझं डोस्कं खायला आला. माझी म्हैस गिळून बसला, भाड्या. तोंड बघा, जसा काय दौलताबादचा किल्ला जिंकून आला. पटकी येवो तुला. व्हय मागं, लाळ गाळू नको पिठात." पिठाचा गोळा हातावर फिरायचा, भाकरी तव्यावर पडायची, उलटायची, निखाऱ्यावर फुगायची, आणि तोंड चालूच. शेवटी कालची शिळी चतकोर ती त्याच्या तोंडावर भिरकावायची. हे शिंगरूपणापासूनचं. घोडा कान टवकारून, डोळे अर्धे मिटून, खालचा ओठ लोंबवत असा उभा राहायचा की कीर्तनाला बसलेली म्हातारी माणसंसुद्धा इतक्या भक्तीनं ऐकत नाहीत. एखाद्या दिवशी घाईत तिनं शिव्या न देता भाकरी टाकलीच, तर ती खाली पडू द्यायचा आणि तिच्याकडं बघत राहायचा. आधी शिव्या, मग भाकरी. त्याच्या हिशेबी जगाची रीत ती.

गोड बोलणं मात्र त्याला सोसत नसे. त्या घरात त्याच्याशी गोड बोलणारे एकटे शेषेराव, आणि तेही दोनच वेळेला. नालबंद आला की, नाहीतर घोड्याचं पोट दुखलं की. "माझा राजा, माझा सोन्या," करत ते गुळाचा खडा पुढं करायचे, आणि घोड्यानं तोंड उघडलं की गुळामागून खुरात खिळे ठोकले जायचे, नाहीतर बांबूची नळी घशात जायची आणि नळीतून हिंग-ओव्याचा कडू काढा. घोडा दोनदा फसला, तिसऱ्यांदा नाही. पुढं कुणी राजा म्हटलं की तो दात आवळायचा, मान आभाळात न्यायचा आणि चारी पाय जमिनीत रोवून उभा राहायचा.

ह्या घरात लग्नाची पोरगी होती, सिंधू. दिसायला चांगली, कामाला वाघीण, पण ऐकून घेण्यात बापावर गेलेली. कुणी काही बोललं की गिळून बसायची. बोलायचं सगळं काम तिच्या मायनं एकटीनं उचललेलं, आणि त्यापायीच तिची दोन स्थळं मोडली होती. शिरूर अनंतपाळच्या पाहुण्यांत मुलाचा मामा होता. त्यानं सिंधूला अंगणात ह्या टोकाहून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, मग पुन्हा परत. दाराआडून केवळाबाई म्हणाली, "पाव्हणं, दात बी बघून घ्या. मागून तक्रार नको." पाव्हणे पानसुपारी टाकून उठले. दुसरं स्थळ कशावरून मोडलं ते केवळाबाई सांगत नसे. तिथं तिचंच जरा जास्त झालं होतं.

मग अर्धापूरचं स्थळ आलं. व्यंकटरावांच्या केळीच्या बागा, घरी चिरेबंदी विहीर, धाकटा मुलगा वसंतराव नांदेडला शिकलेला, शेरवानी घालणारा. असं घर दारात चालून येत नसतं. निरोप आला त्याच दिवशी शेषेरावांनी देवघरातून भंडाऱ्याची वाटी आणली, वर बेलाचं पान ठेवलं आणि बायकोपुढं धरली. खंडोबाचा बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडायची आमच्या मुलखात कुणाची छाती होत नाही.

"सिंधूची माय, उचल."

"काय म्हनून उचलू?"

"अक्षता पडंपर्यंत कोण्या माणसाला वाकडा शब्द बोलणार न्हाई म्हनून."

"तुमाला धरून?"

"मला धरून."

केवळाबाईनं नवऱ्याकडं खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "मंग काय, चैन हाय तुमची," म्हणाली आणि भंडारा उचलला.

शेषेराव तेवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, "परसात घोड्याला बी बोलू नको. येणाराजाणारा ऐकंल, त्याला वाटंल घरातल्या माणसाला बोलून राहिली." पोरीचं लग्न होतं. केवळाबाई गप्प बसली. गप्प बसलेली केवळाबाई बघायला शेजारच्या बायका काही ना काही मागायचं निमित्त काढून यायला लागल्या. कुणी विरजण मागितलं, कुणी चाळणी. ती मुकाट्यानं देत होती. एकीला तर विरजण नको होतं, तिनं ते घरी नेऊन ओतून दिलं म्हणतात.

नवाबाचं मात्र बिनसलं. तो सकाळी परसदारी यायचा, मान आत घालायचा. केवळाबाई काही न बोलता चतकोर टाकायची. तो भाकरीकडं बघायचा, तिच्याकडं बघायचा, पाय आपटायचा. मग दाराच्या चौकटीला मान घासत ताटकळत राहायचा. कडबा सुटला, बरगड्या दिसायला लागल्या. शेषेराव डोळे पुसत पारावर सांगू लागले, "पोरगी जाणार म्हनून झुरून राहिला. माझं दुख त्याला कळतं." आणि घरी येऊन, "माझा राजा, माझा सोन्या," म्हणत त्याला बांबूनं काढा पाजू लागले. घोडा आणखी खंगला. केवळाबाईला दुखणं कळत होतं. औषधही तिच्यापाशीच होतं. खरं म्हणजे तिलाही सकाळी चुलीपुढं करमत नव्हतं. भाकरीसुद्धा धड फुगत नव्हती.

साखरपुड्याला विहीणबाई आल्या. चंद्रप्रभाबाई. बोलायच्या ते सगळं पाकात बुडवून. बरोबर थोरली सून आणि मधली सून, दोघींच्या माना खाली. थोरलीला पाणी हवं होतं तर तिनं नुसतं तांब्याकडं बघितलं. केवळाबाईनं तांब्या दिला. चंद्रप्रभाबाई हसून म्हणाल्या, "आमच्या सुनांचा आवाज ऐकलात का तुम्ही? नाही ना? ओसरीवरसुद्धा कुणी ऐकला नाही. आमच्या घराचं वळणच तसं आहे. तुमची सिंधू गरीब आहे, लवकर शिकेल."

जिभेवर जे आलं ते केवळाबाईनं गिळलं. ते आतमध्ये बरेच दिवस जळजळत राहिलं. हे मोडलं तर पोरगी घरात राहील, आणि न मोडलं तर पोरगी अशी मान खाली घालून तांब्याकडं बघेल. पण शब्द गेला होता. तिसरं स्थळही मायच्या तोंडापायी मोडलं, असं झालं असतं तर पुढं सिंधूच्या दारात कुत्रं फिरकलं नसतं. तिनं ठरवलं, अक्षता पडेपर्यंत आपलं तोंड म्हणजे शिवलेलं पोतं.

लग्न गोरज मुहूर्तावर धरलं. जर्मनच्या लढाईची ती वर्षं. सरकारी लेव्हीत ज्वारी गेलेली, रॉकेलची बोंब, कापडाला कूपन. अशात विहीणबाईंनी जानवशापासून मांडवापर्यंत कोऱ्या कापडाच्या पायघड्या मागितल्या. धुतलेलं लुगडं त्यांच्या पायाला टोचत होतं. पाय धुवायचं पाणी एकदा थंड म्हणून परत आलं, एकदा गरम म्हणून. केवळाबाई "व्हय विहीणबाई," म्हणत राहिली. "व्हय" म्हणताना तिच्या कानशिलाची शीर कशी उडते, ते बघायला स्वयंपाकाच्या बायका आळीपाळीनं दारात येत होत्या.

दिवस कलला तसा नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला. बाशिंग, हातात कट्यार, पुढं सनई आणि डफडं. घोडा कुणाचा, तर पाटलांचा. गावात दुसरा नव्हताच. देवळापर्यंत नवाब मरगळल्यासारखा गेला. तिथं नवरदेवानं वरूनच हात जोडले, व्यंकटराव पुढं झाले आणि घोड्याची मान थोपटून कौतुकानं म्हणाले, "चल माझ्या राजा."

नवाबानं दात आवळले, मान आभाळात नेली आणि चारी पाय जमिनीत रोवले.

मग ज्यानं त्यानं आपापली अक्कल पाजळली. व्यंकटराव म्हणाले, घोडं मायेनं चालतं, आणि आणखी चार वेळा राजा म्हणाले. वऱ्हाडातल्या कुणी गूळ आणला. गूळ बघून घोड्यानं असे ओठ मिटले की सुरीनं उघडले नसते. कुणी पुचकारलं, कुणी सोन्या म्हटलं, कुणी बाळा. प्रत्येक गोड शब्दासरशी घोडा मागच्या पायांवर जास्तच बसत चालला आणि वसंतराव बाशिंगासकट शेपटीकडं घसरत चालले. चाबूक उगारायचा म्हटलं तर वर नवरदेव. उतरून पायी चला म्हटलं तर चंद्रप्रभाबाईंचा जानवशातून निरोप आला. आमच्या घराण्यात परण्या घोड्यावरून मांडवात येतो. पायी आणायचा असेल तर वऱ्हाड तसंच परत अर्धापूरला जाईल, मुलीच्या आईनं वाईट वाटून घेऊ नये. निरोपसुद्धा पाकातला.

सूर्य बाभळींना टेकला. भटजी सारखे आभाळाकडं बघायला लागले.

केवळाबाई परसात बायकांत बसली होती. वाजंत्री थांबलेली तिला कळली होती. इतक्यात शेषेराव धावत आले. रुमाल सुटलेला, धाप लागलेली.

"सिंधूची माय, चल. दोन शब्द बोल त्याला."

"कोणाला?"

"नवाबाला. हलत न्हाई."

"कोणते शब्द?"

शेषेरावांनी बायकांकडं बघितलं. बायकांनी चाळणीकडं बघितलं. "तुझे न्हेमीचे," ते म्हणाले.

"मी भंडारा उचलला हाय."

"माणसाचा उचलला. घोडा काय माणूस हाय?"

"मंग इतके दिवस मला घोड्यापुढं गप कामून बसवलं?"

"चुकलं."

"आयकू आलं न्हाई."

"चुकलं म्हणलं. दिवस चालला, उठ की."

"आन् तो तुमच्यावर जीव टाकतो ना? तुमीच सांगा त्याला."

शेषेराव खाली बसले. डोक्यावरून रुमाल काढला आणि तोंडाला लावला. तिथं सिंधू हळद लागलेल्या अंगानं दारात उभी होती, चेहरा पांढराफटक. मायकडं बघत होती, बोलत मात्र काही नव्हती. केवळाबाईनं ते बघितलं, पदर खोचला आणि निघाली.

नवरीच्या मायनं अक्षतांच्या आधी परण्यासमोर जायचं नसतं. ती देवळापुढच्या चौकात आली तशी माणसं बाजूला झाली. नवरदेवानं वरून नमस्कार केला. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती घोड्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रे मुडद्या."

नवाबाचे कान पुढं आले.

"जागा बघितली का बसायला? भर चौकात ठाण मांडून बसला, भाड्या. माझी म्हैस गिळली, माझा कडबा गिळला, आता माझ्या लेकराचा मुहूर्त गिळायला बसला. तुझं मढं बशिवलं. पटकी येवो तुझ्या तंगड्यांना. व्हय पुढं, वाकड्या तोंडाच्या."

घोडा हळूच खिंकाळला. त्या खिंकाळण्यात इतकी सुटका होती की डफडेवाल्याच्यासुद्धा लक्षात आलं. खालचा ओठ लोंबला, डोळे अर्धे मिटले, आणि नवाब एकेक पाऊल टाकत तिच्याकडं निघाला. ती मागं सरत होती आणि बोलत होती, घोडा पुढं येत होता आणि ऐकत होता. ती श्वास घ्यायला थांबली की तो थांबायचा. सनईवाल्यानं दोनदा सूर लावून बघितला, पण बाईच्या आवाजापुढं टिकाव लागेना. मग त्यानं सनई काखेत मारली आणि तोही ऐकत चालू लागला. नवरदेव वर ताठ बसलेला, झुलत्या मुंडावळ्यांच्या आड दोन्ही कान लाल.

जानवशापर्यंत आले तेव्हा केवळाबाईचा घोड्यापुरता साठा संपला. जातीचं झालं, पोटाचं झालं, माळेगावच्या बाजाराचं झालं, त्याला विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचं झालं. ती थांबली. घोडा थांबला. समोर पायघड्यांची वाट बघत चंद्रप्रभाबाई उभ्या, मागं माना खाली घातलेल्या दोन सुना.

केवळाबाईला माहीत होतं की जनावराला शब्द कळत नाहीत, सूर कळतो. सूर हवा तसा लावायचा तर पोटात खरं काहीतरी पाहिजे. तिच्या पोटात साखरपुड्यापासूनचं साठलेलं होतंच. शब्द तर मोडायचा नव्हता, पण ती बघत होती घोड्याकडं, बोलत होती घोड्याला, आणि खंडोबा स्वतः घोड्यावर बसणारा देव आहे. त्याला ही अडचण कळली असती.

"आयक मुडद्या," ती नवाबाच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "मुलखात बाया फाटकं लुगडं दंड घालून नेसतात, आन् काही जणींच्या पायाला धुतलेलं कापड टोचतं. पाणी थंड, पाणी गरम, पाय हायेत का विरजायचं दूध? बोलतात अशा गोड की मुंग्या लागाव्यात, आन् घरातल्या लेकीसुनांच्या जिभा वाळत घातल्या, लोणच्याच्या फोडीगत. तहान लागली तर तांब्याकडं बघायचं. अरे, तू सुद्धा तहान लागली तर हौदाला लाथ मारतो, घोड्या. मुक्या जनावराला जेवढं बोलायला मिळतं, तेवढं बी न्हाई. केळीच्या बागा हायेत म्हणं. बागंत कावळ्याला ओरडायची परवानगी हाय का, इचारून ये."

नवाब इतका खूष झाला की तुरुतुरु चालायला लागला. केवळाबाईला मागं सरत पळावं लागलं. पायघड्या अंथरायच्या राहिल्या. चंद्रप्रभाबाई मातीवरूनच मांडवाकडं धावल्या, कारण परण्या पुढं निघून गेला होता आणि मुहूर्त त्यांच्याही मुलाचा होता. मागं वऱ्हाडात पहिल्यांदा कुणीतरी फुसकन हसलं. बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं, ती मधली सून होती.

अक्षता पडल्या. सूर्याची लाल कड तेवढी उरली होती.

लग्न मोडायचा वेळ विहीणबाईंच्या हातून गेला होता. पण त्या बाईनं हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी, सगळ्या पाहुण्यांदेखत, तोंडभर हसून त्या म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही पुष्कळ दिलंत. आता एक आमच्या मनातलं द्या. वसंताला बसायला हा घोडा द्या आंदण. पाटलांच्या घरची शान आमच्या दारात शोभेल."

घराची नाडी कुठं दाबली म्हणजे दुखतं ते बाईनं बरोबर हेरलं होतं. म्हैस गेली तेव्हा कुणी रडलं नव्हतं, पोरीच्या पाठवणीलाही शेषेरावांनी आतापर्यंत दम धरला होता. घोड्याचं ऐकून ते सनईवाल्याच्या गळ्यात पडून रडायला लागले. माणसांनी केवळाबाईकडं बघितलं. भंडाऱ्याचा शब्द अक्षतांबरोबर सुटला होता. आता ही बाई काय बोलेल, म्हणून वऱ्हाड दोन पावलं मागं सरलं.

केवळाबाईनं विहीणबाईंकडं बघितलं. त्यांच्या मागच्या दोन सुनांकडं बघितलं. गाडीत बसलेल्या, हुंदका गिळणाऱ्या सिंधूकडं बघितलं.

"न्या की," ती म्हणाली. तिच्या आयुष्यात ती इतकं गोड कधी बोलली नव्हती. "लई गुणाचा हाय. खायला काय बी चालतं. फकस्त त्याची भाषा आमच्या सिंधूलाच येते. दुसऱ्या कोणाचं आयकत न्हाई. तेवढं सांभाळून घ्या."

मग ती गाडीपाशी गेली. सासरी निघालेल्या पोरीच्या कानात माया काय सांगतात ते सगळ्यांना माहीत आहे. सासूला माय समज, उलटून बोलू नको. केवळाबाईनं सांगितलं, "सकाळच्या वख्ताला. आधी शिव्या, मंग भाकरी. उलटं करू नको. आन् आवाज पोटातून काढायचा, घशातून न्हाई."

"मला येत न्हाईत," सिंधू रडत म्हणाली.

"जन्मभर माझ्या हाताखाली राहिली आन् येत न्हाईत? पहिलीला जड जातं. मंग येतात."

गाड्या गेल्या. दगडोबा सालगडी नवाबाला धरून मागून चालत गेला. जाताना घोड्यानं शेषेरावांच्या डोक्यावरचा रुमाल उचलून नेला, आणि शेषेराव पुढं महिनाभर सांगत होते की आठवण म्हणून नेला.

अर्धापूरहून काही खबर येईना. दसरा गेला, दिवाळी गेली. शेषेरावांना राहवेना. पोरीला बघून येतो म्हणून ते निघाले. बरोबर पोरीसाठी करंज्या होत्या आणि घोड्यासाठी गूळ होता, आणि गूळ जास्त होता. परत आले ते तोंड पाडून. ओसरीवर बसले, पाणी पिले.

"पोरगी कशी हाय?" केवळाबाईनं विचारलं.

"त्यानं मला वळखलं न्हाई."

"पोरीचं इचारलं मी."

"मी हाक मारली. नवाबा म्हणलं, राजा म्हणलं. त्यानं दात आवळले आन् पाठ केली."

"अहो, पोरगी."

शेषेरावांनी मग एकदाचं सांगितलं. पहिले काही दिवस घोडा तिथं खुंटासारखा उभा होता. चंद्रप्रभाबाईंनी गोड बोलून बघितलं, गूळ दिला, पुरणपोळी दिली. घोडा वाळत चालला. पाटलांचा घोडा आणून मारला, अशी गावात कुजबूज सुरू झाली. शेवटी विहीणबाईंनीच सिंधूला परसात बोलावलं आणि म्हणाल्या, "बोल बाई, काय बोलायचं ते." आता रोज सकाळी ती पदर डोक्यावर घेऊन परसात उभी राहते आणि बोलते.

"आवाज कसा लागतो?"

"बागंतले गडी कामं सोडून आयकतात."

"आन् विहीणबाई?"

"ओसरीवर सुपारी कातरत बसतात. मी व्हतो तवा त्यांचा आडकित्ता दोनदा हुकला. आन् आता त्या दोघी सुना बी परसात येतात. घोडा एकीच्यानं भागत न्हाई म्हणं. थोरली अजून हळू बोलते. पण ती मधली, ती लई वाईट हाय. मी दारात असताना तिनं घोड्याला असं काय म्हणलं की माझ्या हातातला गूळ पडला."

केवळाबाई चुलीपुढून उठून ओसरीवर आली आणि नवऱ्यासमोर बसली. "काय म्हणली?"

"मी न्हाई सांगणार. घरात देव हायेत."

"देवांनी लई आयकलं हाय. सांगा."

शेषेरावांनी इकडंतिकडं बघितलं. खाकरले. "म्हणली, घड उतरलेल्या केळीच्या खुंटा." मग स्वतःच खुलासा केला, "तिकडं केळीचा घड काढला की ते खोड काय कामाचं न्हाई. पाणी पितं, जागा आडवतं, आन् उभं असतं नुसतं."

केवळाबाईनं ती शिवी तोंडात घोळवून बघितली. अशी इकडं कुणी देत नव्हतं. त्या मुलखातली होती, ओली होती, आणि नेमकी होती. तिनं ती आणखी एकदा सावकाश म्हणून पाहिली. म्हणताना ती नवऱ्याकडंच बघत होती. मग हात धुवून त्यांचं ताट वाढायला आत गेली.